पहिल्या पानावर न दिसणारे पॉडकास्ट: शोधायचे कसे, पारखायचे कसे

बदलापूर ते सीएसएमटी. फास्ट मिळाली तरी सव्वा तास, परतताना तेवढाच. आठवड्याचे पाच दिवस धरले तर साडेबारा तास मी डब्यात असते आणि त्यातले निम्मे तरी कानात इअरफोन घालून. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी ॲप उघडायचे आणि पहिल्या पानावर जे दिसेल ते लावायचे. नट, नट्या, स्टार्टअपवाले, पहाटे चारला उठणारे लोक. एकदा एका महिन्यात एकाच उद्योजकाच्या खडतर बालपणाची कहाणी तीन वेगवेगळ्या पॉडकास्टवर ऐकली. आवंढा गिळायची जागासुद्धा तिन्हीकडे तीच. त्या दिवशी ठाणं यायच्या आत इअरफोन काढून पर्समध्ये टाकले.

त्यानंतर जे काही चांगलं हाती लागलं, ते एका सवयीमुळे. पॉडकास्ट शोधणं मी सोडून दिलं. मी विषय शोधते, माणूस शोधते, एखादाच भाग शोधते. त्यांच्या मागोमाग पॉडकास्ट आपोआप येतो. हीच पद्धत इथे क्रमाने सांगते आहे. वेळ कमी असेल तर 'माणसाचा माग' एवढाच भाग वाचला तरी चालेल, बाकीचं त्याला पूरक आहे.

पहिलं पान तसं का असतं

यात कुणाचं कारस्थान नाही. ॲपलची क्रमवारी मुख्यतः तीन गोष्टींवर चालते: किती लोक फॉलो करतायत, किती ऐकतायत आणि लावलेला भाग शेवटपर्यंत ऐकतायत का. म्हणजे जिथे आधीच गर्दी आहे तिथे आणखी गर्दी पाठवणारी व्यवस्था. ज्यांच्यामागे सिनेमाचं किंवा क्रिकेटचं वलय आहे ते पहिल्याच आठवड्यात वर जातात आणि एखादी प्राध्यापिका तिच्या खोलीत बसून जुन्या नकाशांबद्दल जे बोलते, ते कुठेतरी चार हजाराव्या क्रमांकावर राहतं.

दुसरं कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक साधी फाइल असते, आरएसएस फीड. भागाचं नाव, वर्णन आणि आवाजाची फाइल कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता, एवढंच तिच्यात असतं. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत 'गार्डियन'मधल्या बेन हॅमर्स्ली यांच्या लेखात पहिल्यांदा छापून आला आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली. पण फीड कुणीही, कुठेही ठेवू शकतं. त्यामुळे जगातल्या सगळ्या पॉडकास्टची एकच एक यादी कुणाकडेच नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'पॉडकास्ट इंडेक्स' या खुल्या सूचीत चाळीस लाखांहून जास्त फीड आहेत. त्यातली पुष्कळशी बंद पडलेली आहेत, हे खरं. पण तुमच्या ॲपचं पहिलं पान या सगळ्यातून जेमतेम पन्नास-शंभर नावं दाखवतं.

आधी हत्यारं

ॲप असं हवं, ज्यात फीडचा पत्ता स्वतः टाकता येतो. अँड्रॉइडवर मी अँटेनापॉड वापरते. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि पॉडकास्ट इंडेक्ससकट दोन-तीन सूच्यांमध्ये शोधता येतं. आयफोनवाल्यांसाठी ओव्हरकास्ट, दोन्हीकडे चालणारं हवं असेल तर पॉकेट कास्ट्स. स्पॉटिफाय वाईट नाही, पण त्यात बाहेरचं फीड जोडता येत नाही. त्यांच्या दुकानात जे आहे तेच मिळतं.

आणि डाउनलोड करून ठेवा. रात्री घरच्या वायफायवर चार भाग उतरवायचे, सकाळी निघायचं. वाटेत कुठेतरी नेटवर्क जातं आणि नेमकं तेव्हाच बोलणारा माणूस मुद्द्यावर आलेला असतो. नव्या, अनोळखी पॉडकास्टला तर असा खंड फारच महागात पडतो. ओळखीच्या आवाजाची आपण वाट बघतो, अनोळखी बंद पडला तर परत लावत नाही.

विषय अरुंद करा

शोधपट्टीत 'इतिहास' टाकलं तर पहिल्या पानावरचेच लोक परत भेटतील. ग्रंथपालाकडे जाऊन 'इतिहासाचं पुस्तक द्या' म्हटल्यासारखं आहे ते. 'सतराव्या शतकातली चौलची बंदरपट्टी' म्हणा, मग तो खुर्चीतून उठेल.

इथे ॲपची शोधपट्टी अपुरी पडते, कारण ती बहुतेक वेळा कार्यक्रमांची नावंच चाळते. म्हणून मी फोनच्या ब्राउझरमध्ये 'लिसन नोट्स' उघडते. हे पॉडकास्टचं शोधयंत्र आहे. यात कार्यक्रमांऐवजी भाग शोधता येतात, भाषा निवडता येते, लांबी ठरवता येते. चाळीस मिनिटांपेक्षा मोठे भागच दाखव, असं सांगितलं की बातम्यांचे तुकडे आणि जाहिरातवजा क्लिप गळून पडतात. ही एकच चाळणी निम्मं काम करते.

एक उदाहरण जवळून दाखवते. मला मोडी लिपीबद्दल ऐकायचं होतं. आजोबांच्या ट्रंकेत निघालेली दोन कागदपत्रं हे निमित्त. रोमन अक्षरांत 'मोडी' टाकलं आणि पानंच्या पानं पंतप्रधानांवरच्या चर्चांनी भरली. मोडी आणि मोदी यांचं रोमन स्पेलिंग एकच, यंत्राचा काय दोष! मग पुढे 'स्क्रिप्ट' जोडलं आणि दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत घातले, म्हणजे ते सलग आले तरच दाखवेल. यादी एकदम आखूड झाली. पण त्यातही निम्मं 'मोदींचं भाषण कोण लिहितं' छापाचं. मग शब्दच बदलले. लिपीऐवजी कागद: 'पेशवे दफ्तर', 'दख्खन', 'अभिलेखागार', 'कारकून', अर्थात इंग्रजीतून. आणि शेवटी शब्द सोडून माणूस धरला. पश्चिम भारतातल्या लेखनव्यवहाराचा आणि मोडीचा अभ्यास केलेल्या इतिहासकार प्राची देशपांडे यांचं नाव टाकलं. शब्दांनी तासभर जे दिलं नाही ते नावाने दोन मिनिटांत मिळालं. तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला: अरुंद विषय, मग त्या विषयातलं नाव.

नाव कुठून आणायचं? त्या विषयावरचं एखादं पुस्तक, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतला लेख, विद्यापीठाच्या विभागाचं पान. पुस्तक लिहिणारा अभ्यासक आयुष्यात एकदा तरी कुणाच्या तरी पॉडकास्टवर बोललेला असतो आणि तो पॉडकास्ट बहुधा तुम्ही कधीच ऐकलेला नसतो.

इथे 'न्यू बुक्स नेटवर्क'चं नाव घ्यायलाच हवं. मार्शल पो या इतिहासाच्या प्राध्यापकाने २००७ मध्ये सुरू केलेलं हे जाळं आहे. नव्या अभ्यासपूर्ण पुस्तकांच्या लेखकांशी तासाभराच्या गप्पा, विषयवार वेगळ्या वाहिन्या, त्यात दक्षिण आशियाचीही. आवाज कधीकधी डब्यातून आल्यासारखा, होस्ट कधी बुजलेला. पण पाहुण्याने त्या विषयात दहा वर्षं घातलेली असतात आणि ते ऐकताना कळतं.

माणसाचा माग

आता मुख्य भाग. तुम्हाला आधीच आवडलेला कुठलाही एक भाग घ्या, प्रसिद्ध कार्यक्रमाचा असला तरी हरकत नाही. मोठा कार्यक्रम मुक्काम म्हणून न वापरता दार म्हणून वापरायचा. त्या दारातून तीन वाटा निघतात.

पहिली वाट पाहुण्याची. बीबीसीचा 'इन अवर टाइम' १९९८ पासून चालू आहे. एक विषय आणि त्यावर बोलणारे बहुधा तीन अभ्यासक. गाजलेलाच कार्यक्रम. पण तीन पाहुण्यांपैकी एक जण हमखास असा असतो की तो बोलायला लागला की गाडीतला गोंगाट ऐकू येईनासा होतो. त्याचं नाव लिहून घ्या आणि लिसन नोट्समध्ये टाका. आपल्याकडे अमित वर्मांचा 'द सीन अँड द अनसीन' २०१७ पासून आहे. काही भाग पाच-सहा तासांचे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मी ते क्वचितच पूर्ण ऐकते. पण प्रत्येक भागाखाली पुस्तकांची, लेखांची, माणसांची जी लांबलचक यादी असते, ती मी किराणा मालाच्या यादीसारखी वाचते.

दख्खनच्या मध्ययुगीन इतिहासावर लिहिणारे अनिरुद्ध कनिसेट्टी हे पाहुण्याच्या वाटेचं चांगलं उदाहरण आहे. त्यांना बहुतेकांनी कुणाच्या तरी मुलाखतीत ऐकलेलं असतं. नाव शोधलं की कळतं, त्यांचे स्वतःचे पॉडकास्टही आहेत: 'एकोज ऑफ इंडिया' आणि आदित्य रामनाथन यांच्यासोबतचा 'युद्ध', भारताच्या लष्करी इतिहासावरचा. मुलाखतीत माणूस विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो, स्वतःच्या पॉडकास्टमध्ये त्याला जे सांगायचंय ते सांगतो. दोन्हींत जेवणाच्या ताटाचा आणि डब्याचा फरक आहे.

दुसरी वाट निर्मात्याची, आणि ही कुणी वापरत नाही. सिनेमा आवडला की आपण दिग्दर्शकाचं नाव बघतो. पॉडकास्ट आवडला की मात्र फक्त बोलणाऱ्याचं. खरं तर कुठे थांबायचं, कुठला आवाज ठेवायचा, काय कापायचं हे पडद्यामागचं माणूस ठरवतं. त्याचं नाव भागाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात घाईघाईने वाचतात आणि तेव्हाच आपण पुढचा भाग लावतो. ते अर्धं मिनिट ऐका.

बीबीसी रेडिओ ४ वर जोसी लाँग यांचा 'शॉर्ट कट्स' नावाचा छोट्या ध्वनिकथांचा कार्यक्रम होता. तो 'फॉलिंग ट्री' ही संस्था बनवायची आणि निर्मात्यांत एलिनॉर मॅकडॉवल हे नाव होतं. त्या नावाचा माग काढल्यावर दोन गोष्टी मिळाल्या. एक 'फील्ड रेकॉर्डिंग्ज', ज्यात ध्वनिमुद्रण करणारी माणसं कुठल्यातरी शेतात किंवा मैदानात गप्प उभी राहतात आणि जे ऐकू येतं ते तसंच आपल्याला देतात. कुणी बोलत नाही. पाऊस, गुरं, दूरवरचा रस्ता. दुसरी 'रेडिओ ॲटलस', जिथे इतर भाषांतले ध्वनिमाहितीपट मूळ आवाजात लागतात आणि पडद्यावर इंग्रजी उपशीर्षकं येत राहतात. ते गाडीत उभ्याने ऐकायचं काम नाही, रविवारी दुपारचं आहे. या दोन्ही गोष्टी कुठल्याही ॲपने मला आपणहून सुचवल्या नसत्या. 'पॉडचेसर' या संकेतस्थळावर पाहुणे, निर्माते, संपादक यांच्या नावांवरून त्यांनी आणखी कुठे काम केलंय ते बघता येतं. सगळ्यांची नोंद तिथे असेलच असं नाही, पण सुरुवातीला पुरतं.

तिसरी वाट शेजाराची. होस्ट स्वतः दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला असेल तर ते ऐका. छोटे पॉडकास्टवाले एकमेकांकडे जातात, मोठ्यांकडे त्यांना कुणी बोलवत नाही. त्यामुळे एक छोटा सापडला की त्याच्या नावाने शोधून आणखी तीन छोटे मिळतात. ॲपलच्या पानावर खाली 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून जी रांग असते, ती मोठ्या कार्यक्रमांसाठी निरुपयोगी, पण छोट्या कार्यक्रमाखालची रांग बघाच. तिथे नावं अनोळखी असतात.

दुसऱ्यांनी ऐकून ठेवलेलं

इअरबड्स पॉडकास्ट कलेक्टिव्ह नावाचं एक साप्ताहिक ईमेल-पत्र आहे. दर आठवड्याला वेगळा माणूस, एक विषय आणि त्या विषयावरचे पाच भाग. पाचच असतात, म्हणून मी ते वाचते. पन्नास पॉडकास्टच्या याद्या मी उघडतही नाही. त्या ऐकून केलेल्या नसतात, याद्या वाचून केलेल्या याद्या असतात.

बक्षिसांकडे बघायचं तर विजेत्याच्या खालच्या ओळी बघा. पुलित्झरमध्ये २०२० पासून ध्वनिपत्रकारितेचा वेगळा विभाग आहे. २०२२ मध्ये तो 'सुआवे'ला मिळाला. अल्पवयीन असताना जन्मठेप झालेल्या एका माणसाची आणि त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलत राहिलेल्या पत्रकार मॅगी फ्रिलेंग यांची ही गोष्ट. विजेत्याचं नाव थोडं तरी पसरतं. पण दर वर्षी अंतिम फेरीतली नावंही जाहीर होतात आणि ती महिन्याभरात विसरली जातात. तीच तुमच्या कामाची. इटलीचं प्री इटालिया हे तर १९४८ पासूनचं, रेडिओच्या जमान्यातलं पारितोषिक. त्याच्या याद्यांमध्ये अजूनही चांगला रेडिओ सापडतो.

व्याख्यानांचाही विचार करा. बंगळुरूच्या बंगलोर इंटरनॅशनल सेंटरमधली भाषणं आणि चर्चा 'बीआयसी टॉक्स' नावाने पॉडकास्ट होतात. मुंबईत बसून बंगळुरूच्या सभागृहातलं ऐकायला मिळतं आणि प्रश्नोत्तरांत उठून भाषण ठोकणारे काका तिथेही असतात, हे ऐकून बरं वाटतं.

मराठीत शोधताना

मराठीची अडचण निराळी. 'अमुक तमुक', 'मित्रम्हणे' यांना शोधावं लागत नाही, तेच तुम्हाला शोधत येतात. बीबीसी मराठीचा 'गोष्ट दुनियेची'ही सहज सापडतो. त्यांच्यापलीकडचं शोधायला गेलं की दोन भिंती आडव्या येतात.

पहिली लिपीची. कार्यक्रमाचं नाव कुणी देवनागरीत लिहितं, कुणी रोमनमध्ये, आणि रोमनमध्ये लिहिणारा प्रत्येक जण आपापलं स्पेलिंग वापरतो. 'गोष्ट' या एका शब्दाच्या शेवटी कुणी ए लावतं, कुणी लावत नाही, अनेकवचनाला कुणी आय लावतं, कुणी डबल ई. म्हणून एकच शब्द चार प्रकारे टाकून बघावा लागतो, देवनागरीत एकदा धरून पाच. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही. 'गप्पा', 'कट्टा', 'गोष्ट', 'संवाद' हे शब्द मात्र टाळा. मराठीतल्या निम्म्या कार्यक्रमांच्या नावात त्यातलाच एखादा असतो. त्याऐवजी कामधंद्याचे आणि बोलींचे शब्द टाका: दशावतार, द्राक्षबाग, शेळीपालन, गोधडी, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली. शहरी गप्पांच्या बाहेरचं मराठी अशाने वर येतं.

दुसरी भिंत यूट्यूब. मराठीतले कितीतरी 'पॉडकास्ट' फक्त यूट्यूबवर आहेत, त्यांना आरएसएस फीडच नाही. त्यामुळे कुठल्याही पॉडकास्ट ॲपमध्ये ते दिसणार नाहीत. तिथे शोधताना लांबीची चाळणी लावून मोठे व्हिडिओच ठेवा आणि थंबनेलवर तोंड वासलेला चेहरा व लाल बाण असेल तर पुढे चला. हा माझा पूर्वग्रह आहे, मान्य, पण त्याने वेळ वाचलाय. पैसे न भरता यूट्यूब वापरत असाल तर स्क्रीन बंद केली की आवाजही बंद होतो. गर्दीत उजळलेला फोन हातात धरून ऐकणं म्हणजे बॅटरी आणि फोन दोन्ही जायची तयारी. अशा गोष्टी मी घरी, पोळ्या लाटताना ऐकते.

यूट्यूबवरच व्याख्यानमाला शोधा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. पण तालुक्याच्या गावांतही व्याख्यानमाला असतात आणि आता कुणीतरी तिथे मोबाइल लावून मुद्रण करून टाकतं. शंभर-दीडशे लोकांनी पाहिलेलं. मागे पंख्याचा आवाज, मध्येच हार-तुऱ्यांची वीस मिनिटं. पंचविसाव्या मिनिटापासून सुरू करा.

आणि जे स्वतःला पॉडकास्ट म्हणवत नाही तेही धरा. 'पारी'च्या संकेतस्थळावर, म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहावर, जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यातल्या बऱ्याच बायांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. एकेक तुकडा काही मिनिटांचा. घरघर चालू असते, एक बाई ओवी धरते, दुसरी उचलते. नामांकित मुलाखतींपेक्षा मी हे जास्त वेळा ऐकलंय.

हिंदी तर सगळ्यांना कळतंच: सार्वजनिक धोरणांवर गप्पा मारणारा 'पुलियाबाज़ी' घ्या. सोलापूर-बेळगावकडच्या ज्यांना कानडी कळतं त्यांनी 'थले-हरटे' बघावा. शेजारच्या भाषेतला पॉडकास्ट आपल्या ॲपच्या पहिल्या पानावर कधीच येणार नाही.

चाखून बघताना

सापडला, आता ऐकायचा कुठला भाग? पहिला नको, पहिल्या भागात सगळेच अवघडलेले असतात. ताजाही नको. तुम्हाला ज्यातलं काहीतरी नक्की माहीत आहे, अशा विषयावरचा भाग लावा.

माझी कसोटी मुंबईचे डबेवाले. देशी-परदेशी कितीतरी पॉडकास्टनी त्यांच्यावर भाग केलेत. डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा' (म्हणजे जवळपास चूकच न होण्याचा दर्जा) आहे, हे वाक्य त्यात हमखास येतं. ते कुणी परीक्षा घेऊन दिलेलं प्रमाणपत्र नव्हे, १९९८ च्या सुमारास एका परदेशी मासिकातल्या लेखावरून पसरलेली गोष्ट आहे. होस्ट ते वाक्य प्रमाणपत्रासारखं वाचून पुढे गेला, तर मला न कळणाऱ्या विषयांतही तो असाच पुढे जात असणार. 'हे आलं कुठून?' असं त्याने विचारलं, तर मी लगेच फॉलो करते. तुमची कसोटी वेगळी असेल. नर्स असाल तर वॉर्डातली गोष्ट, शेतकरी असाल तर खताची.

पहिला भाग साध्या वेगाने ऐका. दीडपट वेगात सगळेच हुशार वाटतात. वीस मिनिटं द्या, तीही सुरुवातीच्या जाहिराती आणि 'आज आपल्यासोबत आहेत' संपल्यानंतरची. होस्ट पाहुण्याचं वाक्य तोडतो का, हे ऐका. 'अगदी बरोबर' किती वेळा म्हणतो, तेही. पाहुण्याने काहीतरी विचित्र सांगितलं आणि होस्टने पुढचा लिहून आणलेला प्रश्न विचारला, तर तिथेच थांबा.

आवाजाच्या बाबतीत मी थोडी उदार आहे. माइक साधा, खोलीत घुमतंय, कुत्रं भुंकतंय, चालेल. बोलण्याखाली सतत वाजणारं सतारीचं किंवा पियानोचं पार्श्वसंगीत मात्र नाही चालत. सांगण्यासारखं आहे त्याला ते लागत नाही.

बंद पडलेल्या पॉडकास्टला घाबरू नका. 'शेवटचा भाग २०१९' बघून लोक मागे फिरतात. उलट तिथे आखीव काम असतं. चोवीस भाग, विषय संपला, माणूस घरी गेला. चालू पॉडकास्टला दर बुधवारी काहीतरी टाकावंच लागतं आणि काही बुधवारी ते कळतं. फक्त एक करा: आवडला तर सगळे भाग उतरवून ठेवा. फाइल ठेवायचं भाडं भरणं मालकाने थांबवलं की ते फीड एक दिवस नाहीसं होतं आणि मग कुठेच मिळत नाही.

वही

दादरच्या पुलावर माझा फोन गेला तेव्हा फोनपेक्षा जास्त वाईट त्यातल्या साठ-सत्तर पॉडकास्टच्या यादीचं वाटलं. गाजलेली नावं आठवली. न गाजलेली आठवेनात, कारण ती कुणालाच विचारता येत नव्हती.

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी यादी ओपीएमएल फाइल म्हणून बाहेर काढून स्वतःलाच ईमेल करते. बहुतेक चांगल्या ॲपच्या सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' असतं, एक मिनिटाचं काम. दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये ती फाइल टाकली की सगळं परत येतं. ॲपही जातात: स्टिचर २०२३ मध्ये बंद झालं, गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये.

शिवाय एक कागदाची वही आहे. त्यात पॉडकास्टचं नाव लिहीत नाही. भागाचं नाव, तो मला कुणाच्या मागून मिळाला आणि एखादं वाक्य. 'मिठागरांवरचा. चौथ्या मिनिटाला बाई हसते ते.' सहा महिन्यांनी पान उलटलं की भाग आठवतो आणि कुठल्या मागावरून आपण चांगल्या जागी पोचतो तेही दिसतं. माझ्या वहीत निर्मात्याच्या वाटेने आलेले भाग सगळ्यात जास्त टिकलेत. तुमचं वेगळं निघेल.

विचारायचंही सोडू नका. 'तुझा आवडता पॉडकास्ट कुठला?' असं विचारलं तर लोक चारचौघांत सांगण्यासारखं नाव सांगतात. 'आत्ता कानात काय चालू आहे?' असं विचारा. आमच्या ७:५२ च्या लेडीज डब्यात कल्याणला चढणाऱ्या एक काकू आहेत, बँकेतून आता निवृत्तीला आलेल्या. वर्षभर त्या भजनं ऐकतात असा माझा समज होता. मागच्या महिन्यात विचारलं तर एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला. एक माणूस संथ आवाजात जुन्या घड्याळांची दुरुस्ती समजावून सांगत होता. हेअरस्प्रिंग म्हणजे काय, ती हातात का धरायची नसते. काकूंच्या घरी सासऱ्यांचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे, म्हणून शोधलं म्हणाल्या. मग त्यांनी मला तो भाग पाठवला, नेमका एकविसाव्या मिनिटापासून. भायखळा गेलं तरी आम्ही दोघी एकेका कानाने तोच ऐकत होतो.